पांढरी सहामधला कोल्हा

सुंदराक्का, वैशालीचा फोन आला तेव्हा मी चार वाजताचा चहा टाकत होते. "बाई, आई गेली," तुझी सून म्हणाली. "दुपारी जेवली, पडवीत आडवी झाली, ती उठलीच नाय." अशा वेळी माणसानं धीर द्यायचा असतो. माझ्या तोंडून निघालं, "अशी कशी गेली? आमचं अजून ठरायचं होतं!"

पलीकडे वैशाली रडता रडता हसली. "ते ठरणार नव्हतंच, बाई," म्हणाली.

त्याला आज अठरा दिवस झाले. तुझं वय, तुझं माहेर, मागे कोण कोण, हे सगळं वाडीतल्या फळ्यावर लिहून झालंय, ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. सात वर्षं मी महिन्यातून एकदा महाडहून एसटीनं पोलादपूरला यायचे, तिथून रिक्षानं घाटाच्या पायथ्याशी आणि मग धापा टाकत तुझ्या वाडीवर. ते चढण चढताना आज आक्काशी काय बोलायचं याची जुळवाजुळव चालायची. ती सवय अजून मोडलेली नाही. आता चढण नाही, धाप नाही, बोलणं मात्र चालूच आहे.

पहिल्यांदा आले ते पुरानंतर. आमच्या बायकांच्या भजनी मंडळाची पेटी दोन दिवस पाण्यात होती. बाजारातल्या एकानं सांगितलं, पोलादपूरच्या वरच्या वाडीत एक म्हातारी पेट्या लावते. मला वाटलं त्याची जीभ घसरली, म्हातारा म्हणायचं असेल. वर आले तर तू अंगणात पायानं भात पसरत होतीस. मी विचारलं, "पेट्या लावणारे कुठे राहतात?" तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "ते हितंच राहतात. पाय धुऊन येतात, बस."

मग पडवीत सगळा संसार मांडलास. एक पत्र्याचा डबा, त्यात कानशी, पत्र्याच्या पट्ट्या, जुना दातांचा ब्रश. चष्म्याची एक काडी गेलेली, तिथं दोरा बांधलेला. पेटी उघडून आतली पितळी पाती एक एक करून घासलीस, चिखल काढलास. मग भाता मारून षड्ज आणि गंधार एकदम दाबलेस आणि तोंड कडू केलंस.

"ही पेटी खोटं बोलते गो."

"पुरानं बिघडली असेल."

"पुराचं नाय. दुकानातून आली तवापासून बोलते. सगळ्याच बोलतात. हा गंधार बघ, टाचा उंच करून उभा हाय."

मी तीस वर्षं महाडच्या शाळेत गणित शिकवलं होतं. बाजारातल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे गंधार थोडा चढा राहतो, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. तू विचारलंस, "कुठल्या पट्टीत गातेस?" मी म्हणाले, काळी चार. म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर माझा षड्ज. तू त्या षड्जाच्या गंधाराचं पातं घेतलंस, खाली पत्र्याची पट्टी सरकवलीस आणि त्याच्या मुळाशी दोनदा हलकं खरवडलंस. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, हे तू मला तेव्हाच सांगितलंस. पुन्हा दोन्ही सूर दाबलेस. मघाशी त्यांच्यात जी थरथर होती ती गेली. दोन सुरांचा मिळून एक गुळगुळीत सूर झाला. पाचास चार हे गुणोत्तर मी हजारो पोरांना फळ्यावर लिहून दाखवलं होतं. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तुझ्या पडवीत खुळ्यासारखी रडले.

तू म्हणालीस, "रडतेस काय? अजून धैवत हाय."

हे तुला येतं कसं, ते तू मला तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगितलंस. तुझे मालक मुंबईला पेट्यांच्या कारखान्यात सूर लावायला होते. कारखान्याच्या आवाजात त्यांचा कान हळूहळू मंद झाला. मग ते डब्यात भरून पाती खोलीवर आणायचे आणि तू स्टोव्हवर भात रटरटत असताना ती लावून द्यायचीस. चौदा वर्षं. शेठ त्यांच्या कानाची तारीफ करायचा. "मग ते घरी येऊन मला सांगायचे, शेठ बोलला कान सोन्याचा हाय. आणि माझ्या कानातली कुडी वढायचे," हे सांगताना तू लाजली होतीस. सत्तरीतली बाई लाजलेली मी तेव्हा पाहिली.

तर तू आमची पेटी माझ्या काळी चारला अशी लावून दिलीस की मंडळातल्या बायका पेटीवर हात ठेवून नमस्कार करायला लागल्या. पंधरा दिवस आमचं राज्य होतं. मग पाचाडला कार्यक्रम झाला.

मंडळात आम्ही दोघी गाणाऱ्या. मी आणि कुंदा. कुंदाची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे तिला मोठ्यानं बोलायची सवय, आणि आवाज माझ्याहून चढा. ती काळी पाचला गाते. पाचाडच्या देवळात माझे दोन अभंग झाले, लोक माना डोलावत होते. मग कुंदानं षड्ज धरला, मी काळी पाचचा पंचम दिला, आणि पेटी गुरगुरली. खरंच गुरगुरली, आक्का. पुढच्या रांगेतलं एक पोर आईला बिलगलं. कुंदा तशीच रेटून गायली आणि नंतर पिठलं-भाकरी खाताना सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्यासाठी पेटी गोड, माझ्यासाठी कुत्रं. छान आहे हो बाई."

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात. तू शांतपणे सुकटीची पुडी हुंगून पाहत होतीस. (महाडच्या बाजारातून सुकट आणायची ही तुझी अट. तिच्यापायी एसटीत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही.)

"एका पेटीला एकच धनी," तू म्हणालीस. "तुझा जो धैवत, तो तिचा पंचम. धैवत म्हणून गोड हाय, पंचम म्हणून उतरलेला. मी काय करू? दोन पेट्या घ्या."

"दोन पेट्या म्हणजे दोन मंडळं होतील, आक्का. कुंदा वेगळी निघेल."

"मग तिला बोल, काळी चारला गा."

"तूच सांग तिला."

तू पुडी बांधलीस. कुंदाला तू एकदा भेटली होतीस, तेवढं पुरे होतं.

मग मी घरी येऊन आकडेमोड करायला बसले. षड्जापासून पंचम, त्या पंचमाचा पंचम, असं चार वेळा वर चढलं की गंधारावर पोचतो. पण तो आपला गोड गंधार नसतो, केसभर चढा असतो. ऐंशीला एक्याऐंशी, एवढाच फरक. आपल्या जुन्या शास्त्रात त्याला प्रमाणश्रुती म्हणतात. पंचम शुद्ध ठेवले की हा कण गंधारात उरतो, गंधार शुद्ध ठेवले की पंचमात. माझ्या भाच्यानं फोनवर एक मंच काढून दिला, तिथे जगभरातली माणसं याच एका कणावर दिवसरात्र बोलत असतात. कुणी सप्तकाचे एकतीस भाग करतं, कुणी त्रेपन्न. मला तिथं उपाय सापडला. प्रत्येक पंचमातून त्या कणाचा चौथा हिस्सा काढून घ्यायचा. सगळे पंचम एकाच मापाचे, सगळेच किंचित आखूड. चार वेळा चढलं की कण संपलेला असतो, गंधार शुद्ध मिळतो, आणि तोही काळी चारला आणि काळी पाचला, दोन्हीकडे.

मी वही घेऊन तुझ्याकडे आले, विजयी वीरासारखी. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस, मग म्हणालीस, "म्हंजे एकानं खोटं बोलायच्या ऐवजी सगळ्यांनी थोडं थोडं बोलायचं?"

"खोटं कसलं? सगळ्यांनी थोडं सोसायचं."

"पंचम ढिला करून देवासमोर बसणार तू?"

"आणि तू कुंदाला गुरगुरत ठेवणार?"

"उरलेलं एका सांदीत ठेवायचं गो. जिथं बोट जात नाय तिथं."

"पण कुंदाचं बोट तिथेच जातं ना!"

आपलं भांडण इथं सुरू झालं आणि खरं म्हणजे याच चार वाक्यांत संपलंही होतं. पुढची सात वर्षं आपण तीच चार वाक्यं वेगवेगळ्या आवाजात म्हणत होतो. वैशाली आतून ओरडायची, "जेवून भांडा!"

पण मी तुझी एक गोष्ट कधीच विसरणार नाही. पटलं नव्हतं तरी तू माझ्या वहीप्रमाणे पेटी लावून दिलीस. दोन सूर शुद्ध नसले की त्यांच्यात हेलकावे ऐकू येतात. आखूड पंचमाचे हेलकावे किती यायला हवेत ते मी मोजून आणलं होतं, मधल्या सप्तकात सेकंदाला जवळजवळ दोन. तुझ्या भिंतीवरचं घड्याळ काढून तू मांडीवर घेतलंस. एका टिकटिकीला दोन हेलकावे. पातं खरवडायचं, ऐकायचं, मान हलवायची, पुन्हा खरवडायचं. आयुष्यभर हेलकावे घालवायचं काम केलेली बाई माझ्यासाठी मुद्दाम हेलकावे घालत बसली होती. चार दिवस लागले. चौथ्या दिवशी तू पेटी माझ्याकडे सरकवलीस. "घे तुझं गणित. हेलकावा बरोबर हाय. पंचम ढिला हाय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आणि मग तू माझ्या गणिताची खोडी काढलीस. एक एक पंचम दाबत गेलीस, काळ्या पट्ट्या, पांढऱ्या पट्ट्या, आणि पांढरी सहा आणि पांढरी तीन एकत्र दाबल्यावर पेटीतून असा आवाज आला की तुझी मांजर उठून गेली.

"हे काय गो?"

मला ठाऊक होतं, मी सांगितलं नव्हतं. बारा पट्ट्यांत हा हिशोब पूर्ण मिटत नाही. अकरा पंचम एका मापाचे झाले की बारावा भलताच मोठा निघतो. "परदेशात याला लांडगा म्हणतात," मी हळूच म्हणाले.

"आपल्या डोंगरात लांडगा नाय. कोल्हा हाय," तू म्हणालीस आणि पुन्हा तो सूर दाबलास. तंतोतंत कोल्हेकुई. मग डोळे पुसेपर्यंत हसलीस. "वाटून वाटून शेवटी उरलाच की नाय सांदीत? माझा कण व्हता गो, तुझा तर आख्खा कोल्हा निघाला!"

मी म्हणाले, कोल्हा आहे खरा, पण तो कुणाच्या वाटेत नाही.

इथे मी खोटं बोलले. तो माझ्या वाटेत होता.

मंडळात माझी ओळख काय होती तुला ठाऊक आहे. भैरवीवाली बाई. कार्यक्रमाचा शेवट माझ्या भैरवीनं व्हायचा. मी फार मोठी गाणारी नाही, पण ती एक गोष्ट मला जमते. आणि काळी चारच्या भैरवीत कोमल रिषभ येतो नेमका पांढरी सहावर, कोमल धैवत पांढरी तीनवर. कुंदाला तिचा शुद्ध निषाद नीट मिळावा म्हणून मी पांढरी सहा खाली ठेवायला सांगितली होती. तिथं माझा कोमल रिषभ इतका उतरला की भैरवी म्हणणं अशक्य. दुसरीकडे कुंदाला काळी पाचला भैरवीचे सगळे सूर बिनबोभाट मिळत होते. तेव्हा मी मंडळात जाहीर केलं, यापुढे भैरवी कुंदा म्हणेल. सगळ्यांना माझा मोठेपणा वाटला. कुंदानं मला मिठी मारली, माझ्या काळ्या साडीवर पिठाचे दोन पंजे उमटले. मलाही तो मोठेपणाच वाटला, साधारण दोन आठवडे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी तुझ्याकडे आले होते. आपण वाल सोलत होतो. तू मान वर न करता विचारलंस, "भैरवी बोलतेस का गो आता?"

"कुंदा म्हणते ना. छान म्हणते."

"कुंदाचं नाय इचारलं. घरी बोलतेस का?"

"म्हणते की."

तू माझ्याकडे पाहिलंस. पेटीतला केसभर खोटा सूर ज्या कानाला कळायचा, त्या कानासमोर मी बोलत होते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. घरी मी भैरवी गुणगुणायचंही सोडलं होतं. का ते मलाही सांगता आलं नसतं. स्वतःच्या हातानं दिलेली वस्तू परत मागायला लाज वाटते, तसंच काहीतरी. वालाची टरफलं सुपात गोळा केलीस आणि उठताना म्हणालीस, "पेटी ठेवून जा दिवाळीनंतर. भात्यात धूळ झाली असल. साफ करते."

मी दिवाळीनंतर पेटी ठेवून गेले. तू साफसफाईला इतके दिवस का लावते आहेस म्हणून मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "डोळ्यानं कमी दिसतं गो, घाई करू नको." मग वैशालीचा तो फोन आला.

तुझ्या तेराव्याला मंडळाच्या अकरा जणी आलो. तुझा मुलगा मुंबईहून रेल्वेनं वीर स्टेशनला उतरून रिक्षा भरून सामान घेऊन आला होता. त्यानं आम्हाला अंगणात सतरंजी घालून दिली. पेटी पडवीत तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली होती. वैशालीनं ती आणून माझ्यापुढे ठेवली. कुंदाचा घसा साफ बसला होता. पीठ म्हण, थंडी म्हण. ती म्हणाली सर्दी झालीय, पण तिचे डोळे काही सर्दीनं सुजलेले नव्हते. त्यामुळे सगळे अभंग मीच म्हटले, काळी चारला. पेटी गोड वाजत होती. पंचम ढिला होता, हो, होता. वाडीतली माणसं टाळ्यांनी ताल धरून बसली होती, पोरं भिंतीवर. तुझ्या तेराव्याला अंगण असं भरलं होतं की तू असतीस तर आधी चहा किती लागेल ते मोजलं असतंस.

शेवट आला. भैरवी. मी कुंदाकडे पाहिलं. तिनं गळ्याला हात लावून मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"मला नाही जमायचं," मी कुजबुजले. "पांढरी सहावर कोल्हा आहे."

कुंदा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "येऊ दे की त्यालाही. तिच्या ओळखीचा आहे."

मी सुरू केलं. षड्ज लावला, कोमल रिषभावर आले, पांढरी सहा दाबली, आणि ती पट्टी एकटीच गुरगुरायला लागली. कोल्हा दोन पट्ट्या एकत्र दाबल्यावर ओरडतो. इथं एकच पट्टी स्वतःशी भांडत होती. मला वाटलं, आक्काचे डोळे गेले होते, हात चुकला. निदान आवाज कमी व्हावा म्हणून मी पेटीच्या पुढच्या खुंट्यांपैकी एक, म्हणजे एक स्टॉपर, आत ढकलला.

पेटीच्या आत सुरांच्या दोन ओळी असतात, एक खालच्या सप्तकाची, ती खर्जाची, आणि एक वरची, ती नराची. दोन्ही स्टॉपर ओढलेले असले की एका पट्टीला दोन पाती बोलतात. मी नराचा बंद केला होता, खर्जाची ओळ तेवढी उरली. पुन्हा पांढरी सहा दाबली.

आक्का, तो माझा कोमल रिषभ होता. जिथं हवा तिथं. भैरवीचा.

मी थांबले. खर्ज बंद करून नर उघडला, तीच पट्टी दाबली. कुंदाचा निषाद. पुन्हा खर्ज. माझा रिषभ. पुन्हा नर. कुंदाचा निषाद. माझ्या ध्यानात आलं आणि तुझ्या तेराव्याला, तुझ्या अंगणात, दोन-अडीचशे माणसांसमोर मी खो खो हसत सुटले. कुंदानं मला चिमटा काढला. मी तिला दोन्ही स्टॉपर दाखवले, पट्टी दाखवली. कळायला तिला मिनिटभर लागलं. मग ती बसलेल्या घशानं हसायला लागली, आणि ते हसणं इतकं भयंकर होतं की भिंतीवरची पोरंही हसली.

एका पेटीला एकच धनी म्हणणाऱ्या बाईनं एका पट्टीला दोन धनिणी करून ठेवल्या होत्या. सात वर्षं आपण एका सुराची जागा कुठली यावर भांडलो, आणि ती पट्टी मुळात दोन पात्यांची आहे हे मला, गणिताच्या बाईला, एकदाही सुचलं नाही.

वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन आली. "सापडलं का?" तिनं विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"आई दीड महिना त्या एकाच पात्याशी बसली व्हती. दिसत नव्हतं ना, हातानं चाचपून घासायची. मी बोलले, बाईंना फोन करून सांगते. तर बोलली, नको सांगू. ती खोटं बोलली माझ्याशी. तिचं तिला सापडू दे."

मग मी भैरवी म्हटली. खर्जाची एक ओळ, आवाज बारीक, पण अंगण गप्प होतं. इतक्या वर्षांनी म्हटली. कशी झाली ते तू मला सांगितलं असतंस, मी सांगून उपयोग नाही. दोन ठिकाणी श्वास तुटला. रिषभ मात्र लागला.

घरी येऊन मी पेटी उघडून प्रत्येक पंचम तपासला. कोल्हा गेलेला नाही. माझ्या खर्जाच्या ओळीत तू त्याला पांढरी दोन आणि पांढरी सहाच्या मध्ये नेऊन ठेवला आहेस. त्या दोन पट्ट्या एकत्र मी कधीच दाबत नाही. म्हणजे तुझं म्हणणं तू सोडलं नव्हतंस, आणि माझंही मोडलं नव्हतंस. बाकीचे अकरा पंचम मी घड्याळ मांडीवर घेऊन मोजले. एका टिकटिकीला दोन हेलकावे, जसे मी वहीत लिहून दिले होते तसे. ज्या पंचमाला तू सात वर्षं नावं ठेवलीस, तो तू शेवटच्या दिवसांतही न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्या मापाला जपलास.

मी तुझे आभार कधी मानले नाहीत. सुकट आणली, वही आणली, भांडण आणलं. गंधार ऐकून रडले तेव्हाही आभार मानले नव्हते, आणि नंतर मानायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, "आता ह्ये काय नवीन काढलंस?" एक मात्र कबूल करते. भैरवी देऊन टाकताना माझं मन मोठं नव्हतं. मला माझं गणित जिंकलेलं पाहायचं होतं, त्याची किंमत म्हणून मी ती दिली. तू ते ओळखलंस आणि मला न दुखवता किंमत परत केलीस.

परवा मी त्या मंचावर सगळं लिहिलं. पेटी, दोन ओळी, एक पट्टी, दोन सूर, तुझं नाव आणि वाडीचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरांचा ढीग होता. एकानं लिहिलं, शेकडो वर्षांपूर्वी परदेशातल्या वाद्यांत पट्टी मधोमध चिरून असंच काही करायचे, या बाईंना ते ठाऊक होतं का? दुसऱ्यानं लिहिलं, पट्टी न चिरता हे करणं फार सुंदर आहे. तिसरे कुणी म्हातारे गृहस्थ आहेत, कुठल्याशा थंड देशातले, वाद्यं बनवतात. त्यांनी फार नम्रपणे लिहिलं होतं की त्यांना सुंदराबाईंना तीन प्रश्न विचारायचे आहेत, पत्ता मिळेल का.

मी लिहिलं, बाई गेल्या. पण तुमचे प्रश्न लिहून ठेवा आणि रांगेत उभे राहा. माझा नंबर आधी आहे.